खाडीकाठची बाग आणि पुनर्वसनाची इमारत एकाच कागदावर कशी आखायची

माझं आजोळ पेण तालुक्यातलं. आजोबांची शेती खारी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि मधे मातीचा बांध. त्या बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिच्यातून खाडीत निघून जायचं. भरती चढली की खाडीच्याच दाबाने ती मिटायची आणि खारं पाणी बाहेर राहायचं. भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले तर काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "मग खालच्या खाचरात पाणी थांबतं. ते खाचर त्यासाठीच खाली ठेवलंय. घर वरच्या अंगाला आहे ना आपलं."

पुढे लँडस्केप आर्किटेक्ट झाले, बावीस वर्षं मुंबईतल्या नाल्यांच्या आणि खाडीच्या काठांवर काम केलं. खाडीकाठी गरिबांची घरं आणि बाग एकत्र कशी आखायची असं कोणी विचारलं, की मी अजून आजोबांच्या त्या उत्तरापासूनच सुरुवात करते. पाण्याला थांबायला एक जागा लागते. ती तुम्ही बागेत दिली नाही, तर पाणी तळमजल्यावरच्या खोलीत जाऊन थांबतं.

मी वाढले कुर्ल्याला, मिठी नदीपासून पाच मिनिटांवरच्या चाळीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यात त्या दिवशी 75 मिलिमीटरसुद्धा नव्हता. आमच्या खोलीत पाणी दारातून आलंच नाही आधी. ते मोरीतून वर आलं. बाहेर भरती, वरून पाऊस आणि मधल्या गटाराला जायला वाटच नाही, म्हणून ते उलटं फिरलं. आई, मी आणि शेजारच्या दोन आज्या रात्रभर पोटमाळ्यावर बसून होतो. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. नंतर ही क्षमता 50 मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचं काम हाती घेतलं गेलं, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी पंपाने उपसून समुद्रात टाकणारी ठाणी, उभी राहिली. पण शहराची बहुतेक पातमुखं, म्हणजे गटारं समुद्रात सुटतात ती तोंडं, आजही भरतीच्या पातळीखालीच आहेत. तुमचा प्लॉट खाडीलगत असेल, तर भरतीच्या दोन-तीन तासांत तुमचं पाणी तुमच्याकडेच राहणार हे गृहीत धरूनच पेन्सिल उचला.

हे लिहिते आहे ते तरुण आर्किटेक्ट-इंजिनीअरांसाठी आणि तितकंच सोसायटीच्या कमिटीवरच्या लोकांसाठी. नकाशा मंजूर होण्याआधी काय मागायचं हे कमिटीला माहीत असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

आधी पाण्याची रेघ शोधा

प्लॉटवर पहिल्यांदा जाल तेव्हा टेप आणि निळा खडू घेऊन जा. आजूबाजूच्या जुन्या घरांत शिरा आणि विचारा, 2005 ला पाणी कुठवर होतं, दरवर्षी कुठवर येतं, आणि येतं कुठून. रस्त्यावरून, नाल्यातून की मोरीतून? लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या जागी खडूने रेघ मारा आणि जमिनीपासूनची उंची लिहून घ्या. मी एका वस्तीत चाळीस घरांतल्या रेघा घेतल्या होत्या. एका टोकाच्या आणि दुसऱ्या टोकाच्या रेघेत दोन फुटांचा फरक निघाला आणि त्यावरूनच कळलं की पाणी खाडीतून नाही, मागच्या रस्त्याच्या उंच केलेल्या डांबरावरून येत होतं. सर्व्हेच्या नकाशात हे नव्हतं.

बायकांना आवर्जून भेटा, पण पालिकेचं पाणी येण्याच्या वेळेत सभा ठेवू नका. पाण्याची वेळ सकाळी सहाची असेल तर त्या वेळी एकही बाई येणार नाही, आणि तळमजल्यावर पाणी आलं की आधी काय उचलावं लागतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. गॅस सिलेंडर, तांदळाचा डबा, कागदपत्रांची पिशवी, या क्रमाने.

मग पातळ्या. इथे एक चूक फार होते. पालिकेच्या नकाशांवर जमिनीच्या पातळ्या टाउन हॉल डेटम (टीएचडी) नावाच्या ठरवून घेतलेल्या शून्यावरून मोजलेल्या असतात. भरतीच्या तक्त्याचं शून्य निराळं. सखल भागातल्या प्लॉटवर 27-28 मीटर असा आकडा दिसतो आणि नवखा माणूस समजतो की आपण समुद्रापासून 28 मीटर वर आहोत. तसं अजिबात नाही. सर्व्हेअरकडून दोन्ही आकडे एकाच मापावर आणून घ्या आणि उधाणाच्या भरतीची पातळी, दरवर्षीच्या पाण्याची रेघ आणि 2005 ची रेघ अशा तीन आडव्या रेषा एकाच कागदावर काढा. पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या येतात. त्यांच्या तारखा पालिका दर वर्षी आधीच जाहीर करते.

या तीन रेषा ज्या कागदावर आहेत, तोच तुमचा खरा नकाशा. मी प्लॅन नंतर काढते. आधी सेक्शन, म्हणजे खाडीच्या चिखलापासून इमारतीच्या मागच्या रस्त्यापर्यंत सुरीने कापल्यासारखा उभा छेद. बाग वरून सुंदर दिसते की नाही हे प्लॅन सांगतो. पाणी कोणाच्या घरात जाईल हे छेद सांगतो.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब कमिटीवरच्या कोणालाही करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी.

समजा प्लॉट 8000 चौरस मीटरचा आहे. ताशी 50 मिलिमीटर पाऊस दोन तास पडला आणि नेमकी तेव्हाच भरती आहे. 8000 गुणिले 100 मिलिमीटर म्हणजे 800 घनमीटर पाणी. त्यातलं थोडं झाडांवर, मातीत, खाचखळग्यांत राहील असं धरून 80 टक्के वाहून येईल म्हणा. 640 घनमीटर झालं. हे पाणी भरती उतरेपर्यंत कुठेतरी ठेवायचं आहे.

विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 2500 ते 10,000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 20 टक्के जागा मोकळी सोडायची असते. इथे ती 1600 चौरस मीटर येते. ती सरासरी 40 सेंटिमीटर खोल ठेवली की बरोबर 640 घनमीटर पाणी मावतं. गुडघ्याच्याही खाली. मूल पडलं तरी उठून उभं राहील इतकंच.

पण झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत ही अट शिथिल होऊन 8 टक्क्यांपर्यंत उतरू शकते. मग बाग राहिली 640 चौरस मीटरची, आणि तेच पाणी ठेवायला खोली हवी एक मीटर. एक मीटर खोल पाण्यात पाच वर्षांचं मूल बुडतं. म्हणून तिथे कुंपण येतं, कुंपण आलं की कुलूप येतं, आणि बाग संपते. मोकळ्या जागेच्या टक्क्यांवरून बिल्डरशी बोलणी चालतात तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून समोर ठेवा. "हिरवळ हवी" म्हटलं की ते शोभेचं मागणं वाटतं. "आमचं 640 घनमीटर पाणी कुठे ठेवताय?" या प्रश्नाला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या छतावर, बाग देतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बंधनकारक मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये दिला होता; नंतरच्या नियमावलीत काही भागाला सूट मिळाली, ती किती ते तपासून घ्या. शिवाय पोडियमवरची बाग पाणी धरत नाही, ती खाली ओतते.

इथे शोषखड्ड्यांचा विषय निघतो. "पाणी जमिनीत मुरवू." डोंगरउतारावर, आरे-पवईच्या बाजूला हे ठीक आहे. खाडीकाठी जुलैमध्ये खणून पाहा, फूट-दीड फुटावर पाणी लागतं आणि खाली चिकट काळा चिखल. ओल्या चिंध्यांनी पाणी टिपायला जाल तर काय टिपलं जाणार? खाडीकाठी पाणी मुरवायचं नसतं, थांबवायचं असतं आणि ओहोटी लागली की सोडायचं असतं. तसंच पेव्हर ब्लॉकच्या फटींचं. पहिल्या वर्षी त्या पाणी पितात, दुसऱ्या वर्षी गाळाने बुजतात.

जमिनीवर जागाच नसेल तर जमिनीच्या पोटात टाकी हा एक मार्ग आहे. दादरजवळच्या हिंदमाता चौकात तुंबणाऱ्या पाण्यासाठी परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पालिकेने अशाच साठवण टाक्या बांधल्या आहेत. वर मैदान, खाली पाणी. पण टाकीला पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि पुनर्वसन सोसायटीला दर महिन्याचं बिल भरावं लागतं. उतारावर आपोआप भरणारी आणि आपोआप रिकामी होणारी उघडी बाग जमत असेल तर मी टाकीकडे वळत नाही.

छेद कसा उतरवायचा

इमारतीकडून खाडीकडे उतरत जा. सर्वांत वर इमारतीचं जोतं. पुराचा धोका असलेल्या भागात जोतं सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा निदान 60 सेंटिमीटर वर हवं. त्यालगत अग्निशमनाची गाडी फिरेल असा सहा मीटरचा रस्ता, हाही वर. त्याच्या खाली सुमारे 1000 चौरस मीटरचं मैदान, 30 सेंटिमीटर उतरलेलं. आणि सर्वांत खाली 600 चौरस मीटरचा झाडांचा खोलगट पट्टा, 60 सेंटिमीटर. दोन्ही मिळून आपल्या 640 पेक्षा थोडं जास्तच पाणी मावतं. साध्या पावसात फक्त खालचा पट्टा भरतो आणि मैदान कोरडं राहतं. वर्षात चार-पाच वेळाच मैदानात पाणी येतं, तेही काही तास. बाकी सगळे दिवस तिथे क्रिकेट चालतं.

उतार सहाला एक यापेक्षा तीव्र नको. पायऱ्या हव्यातच, पण एका बाजूला रॅम्प सोडा, आणि तो हातगाडी जाईल इतका रुंद करा. पाणी ओसरलं की बोटभर गाळ मागे राहतो. तो काढायला घमेली आणि ढकलगाडी लागते. रॅम्प नसेल तर तो गाळ तिथेच सुकतो, उडतो आणि लोक खिडक्या लावून घेतात. गाळ टाकायला एक कोपरा आणि जमीन धुवायला बोअरच्या पाण्याचा एक नळ ठेवा. माझी साधी कसोटी आहे: दोन माणसांना एका दिवसात बाग धुऊन काढता आली पाहिजे.

पाणी बाहेर जाण्याची वाट म्हणजे उघाडी. आजकाल ती लोखंडी किंवा रबरी फ्लॅप गेट असते, पण काम तेच. आपल्या उदाहरणात 640 घनमीटर पाणी ओहोटीच्या तीन तासांत सोडायचं तर सेकंदाला साधारण 60 लिटर जायला हवं. पाइप त्या मापाचा घ्या, अंदाजाने नको. बागेच्या आतल्या बाजूला जाळी लावा, नाहीतर एक चिप्सचं पाकीट झडपेत अडकतं आणि भरती सरळ आत येते. जाळी आणि झडप दोन्ही माणसाचा हात पोचेल अशा जागी हवीत, वरून उचलायला साखळी हवी. नाल्यात किंवा खाडीत पाणी सोडायला पालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या विभागाची परवानगी लागते. ती नकाशाबरोबरच घ्या, शेवटी नको.

सांडपाण्याची लाइन यापासून पूर्ण वेगळी ठेवा, यात तडजोड करू नका. पुराच्या पाण्यात मैल्याबरोबर उंदरांचं मूत मिसळलं की लेप्टोचा ताप येतो. 2005 नंतर मुंबईने तो पाहिला. मैल्याचे चेंबर खोलगट भागात कधीही नकोत, झाकणं घट्ट हवीत, आणि प्रत्येक मॅनहोलच्या झाकणाखाली जाळी हवी. तुंबलेल्या पाण्यात उघडं झाकण दिसत नाही; 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात या शहराने एक नामवंत डॉक्टर असाच गमावला. डासांसाठी नियम सोपा: पाणी त्याच ओहोटीला, फार तर दोन दिवसांत गेलंच पाहिजे. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, तेवढं पाणी राहूच देऊ नका.

भिंतीविषयी मला जरा सविस्तर सांगायचं आहे. माझ्या पहिल्या मोठ्या कामात, एका खाडीलगतच्या पुनर्वसन प्रकल्पात, विकासकाने काठावर चार फुटांची पक्की भिंत मागितली. पाणी आत येणार नाही, लोकांना सुरक्षित वाटेल, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मीही मान्य केलं. बागेला फरशी घातली, भिंतीला शोभेचा दगड लावला. पहिल्याच जुलैत भरतीच्या वेळी दोन तास पाऊस झाला. खाडीचं पाणी खरोखरच आलं नाही. पण रस्त्याचं आणि गच्चीचं पाणी भिंतीच्या आत अडकलं, ओहोटी लागल्यावरही जाईना, कारण बाहेर पडायला भिंतीत दोन बोटांएवढी छिद्रं होती आणि ती प्लास्टिकने बुजली होती. तळमजल्याचे अकरा गाळे मांडीभर पाण्यात गेले. एका शिंप्याची तिन्ही मशीन गेली. त्या नकाशावर माझी सही होती. तेव्हापासून भिंत काढण्याआधी मी विचारते: आतलं पाणी कुठून जाणार? आजोबांच्या बांधात उघाडी होती, माझ्या भिंतीत नव्हती.

परदेशातली उदाहरणं पाहावीत, पण छेद उचलून आणू नये. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं हंटर्स पॉइंट साउथ पार्क आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. नदीकाठी सुमारे 5000 घरांची वसाहत, त्यातली 60 टक्के परवडणारी, आणि पुढे बाग. पहिला टप्पा 2013 ला खुला झाला, दुसरा 2018 ला. तिथलं हिरवं मैदान पुराचं पाणी धरेल असं खोलगट केलंय, आणि काम चालू असतानाच 2012 मध्ये सँडी वादळाचं पाणी तिथे येऊन गेलं. घरं आणि बाग एकाच वेळी एकाच आराखड्यात आली, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं. पण तिथली भरती-ओहोटी दीडेक मीटरची आणि आपली उधाणाला चार मीटरच्याही पुढची. त्यांच्यासारख्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या इथे केल्या तर दिवसातले कित्येक तास त्या चिखलात उघड्या राहतील. आपल्या पावसाला जवळचं उदाहरण बँकॉकचं. चुलालोंगकोर्न विद्यापीठाची 2017 ची बाग, अकरा एकर, पूर्ण जमीनच एका बाजूला कललेली आणि पावसाचं सुमारे 38 लाख लिटर पाणी पोटात घेणारी.

इमारतीचा तळमजला

शक्य असेल तर तळमजल्यावर राहायची खोली देऊ नका. गाळे, सायकल-हातगाडी-रिक्षाची जागा, सोसायटीचं कार्यालय इथे चालतं. बालवाडीबद्दल मी दोन्ही गोष्टी करून पाहिल्या आहेत. मुलांना बाग दारात हवी, म्हणून ती पहिल्या मजल्यावर नेऊ नका; त्याऐवजी तिचं जोतं आणखी दोन फूट उचला आणि समोर अंगण द्या. पुढे हेच अंगण मंडपाला कामी येतं.

विजेचे मीटर हा जिवाचा प्रश्न आहे. मीटरची खोली 2005 च्या रेघेच्या वर, जमल्यास पहिल्या जिन्याच्या टप्प्यावर. बागेतल्या दिव्यांचे बोर्डही तसेच उंच, आणि खोलगट भागात वायरच नको. पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीचं तोंड रेघेच्या वर उचला. पूर ओसरल्यावर जुलाब-काविळीच्या साथी बहुधा इथूनच सुरू होतात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरू नये म्हणून लिफ्टच्या दाराशी एक छोटा चढ द्या. या गोष्टी नकाशाच्या टप्प्यावर जवळजवळ फुकट होतात, नंतर केल्या तर लाख लाख लागतात.

वारा विसरू नका. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडसारख्या वसाहतींत इमारतींमधलं अंतर तीनेक मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि क्षयरोग घर करून आहे. बाग इमारतींच्या मागे उरलेल्या तुकड्यात न टाकता पश्चिमेच्या वाऱ्याच्या वाटेत ठेवली तर तीच बाग खालच्या मजल्यांची खिडकी होते.

आणि इथे मी आवाज चढवून बोलते. काठाची मोक्याची बाजू नेहमी विक्रीच्या टॉवरला, म्हणजे बिल्डर बाजारात विकतो त्या घरांना, जाते आणि पुनर्वसनाची इमारत मागे, नाल्याकडे तोंड करून उभी राहते. जे कुटुंब चाळीस वर्षं त्या काठावर राहिलं, त्यालाच काठ दिसेनासा होतो. मधे भिंत येते, बागेची दोन तोंडं होतात, आणि पाण्याच्या छेदातही दोन वेगळ्या बागा एकमेकींवर पाणी ढकलतात. बाग एकच असली पाहिजे, दोन्ही इमारतींची दारं तिच्यात उघडली पाहिजेत. हे मंजुरीच्या नकाशात लिहून घ्या, शब्दावर राहू नका.

काय लावायचं, काय लावायचं नाही

तिवरांना हात लावायचा नाही, इथून सुरुवात. कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, असा उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे, आणि राज्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतो. त्या पट्ट्यात बांधकाम, भराव, डेब्रिज काहीही नको. किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी कुठे लागते ते आधी पाहा. तिवरांना मारायला कुऱ्हाड लागत नाही. भरतीचं पाणी अडवणारा एक भराव पुरतो. आणि जिथे मुळात तिवरं नव्हती, तिथे फोटोसाठी रोपं लावू नका. पाणी येऊ-जाऊ द्या, ती आपली आपण येतात.

खालच्या पट्ट्यात पाण्यात पाय बुडवून उभी राहणारी झाडं घ्या: करंज, भेंड, समुद्रफळ, अर्जुन, ताम्हण. कडेला वाळा, त्याची मुळं उतार धरून ठेवतात. वरच्या अंगाला बकुळ, कडुनिंब. गुलमोहर नको, वादळात तो पहिला आडवा होतो. लॉन तर नकोच. तिला रोज पाणी, दर आठवड्याला कापणी, आणि पहिल्या पुरात ती मरते. साधी हरळी गाळाखालूनही वर येते. कचऱ्याच्या ढिगावरही झाडं उभी राहतात, हे पाहायचं असेल तर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून या. मिठीच्या काठी, जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं राहिलेलं, 37 एकरांचं, 1994 पासून लोकांसाठी खुलं.

लोखंडी रेलिंग आणि बाकं खाऱ्या हवेत पाच वर्षांत सडतात. काळ्या दगडाचे कट्टे करा. जुनी माणसं रेलिंगला टेकत नाहीत, कट्ट्यावर बसतात.

बाग कशासाठी वापरली जाणार, तेही आधीच पाहा. दहीहंडी आणि गणपती दोन्ही पावसात येतात, म्हणजे मंडप खोलगट मैदानात चालणार नाही. तो बालवाडीसमोरच्या उंच अंगणात. तिथे बांबू रोवायला पाइपाची भोकं आधीच ठेवा, नाहीतर दर वर्षी फरशी फुटते. एप्रिल-मे महिन्यात मसाले, पापड, गोधड्या वाळत घालायला उन्हाचा कट्टा हवा. वस्तीत कोळी कुटुंबं असतील तर जाळी पसरायला आणि वलांड्या, म्हणजे मासळी सुकवायचे बांबूचे सांगाडे, उभ्या करायला सपाट, मोकळी, बिनझाडांची जागा लागते. त्यांना विचारल्याशिवाय काठावर एक खुंटीही ठोकू नका. होडी किती रुंद, कोणत्या भरतीला निघते, कुठून वळते, हे त्यांनाच ठाऊक. वरळीत सागरी किनारा रस्त्याच्या पुलाचे खांब आधी 60 मीटर अंतरावर होते. होड्यांना ते पुरणार नाही म्हणून मच्छीमारांनी लढा दिला, तेव्हा ते अंतर 120 मीटर करायचं ठरलं. सुरुवातीलाच विचारलं असतं तर काही वर्षं वाचली असती.

उघाडीची किल्ली

एवढं सगळं नीट बांधून झालं तरी पहिल्या तीन वर्षांत ते बिघडतं, कारण जाळी साफ करायला कोणी नसतं. पुनर्वसनाच्या कुटुंबाला महिन्याचा मेंटेनन्स आधीच जड जातो. त्यावर बागेचा बोजा टाकला की एकेक घर भाड्याने जातं आणि माणसं मागच्या कुठल्यातरी वस्तीत परत जातात. म्हणून मी बागेचा खर्च गाळ्यांच्या भाड्याला जोडते: दोन गाळे सोसायटीच्या मालकीचे, त्यांचं भाडं फक्त बाग आणि उघाडीसाठी, वेगळ्या खात्यात. हे करारात लिहून घ्यावं लागतं, आणि विक्रीच्या इमारतीचा वाटाही त्यातच.

आणि एक माणूस नेमा. पगारी. गावाला बांधाची राखण सगळे मिळून करायचे, पण उघाडी कोणाकडे हे ठरलेलं असायचं. माझ्या एका प्रकल्पात हे काम तिथल्याच एका कोळीण मावशींकडे आहे. पालिकेचा तक्ता त्यांना लागत नाही. तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती पूर्ण. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीपेक्षा मोठी, तेही त्यांना पाठ. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या झडप वर-खाली करून पाहतात, बिजागरीला ग्रीस लावतात, जाळीमागचा गाळ काढून घेतात. जूनपासून जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने त्या दिवसाची भरतीची वेळ लिहितात. साडेचार मीटरच्या वरची असेल तर खाली एक रेघ ओढतात. रेघ दिसली की रिक्षावाले मैदानाच्या कडेला लावलेल्या गाड्या वर घेतात, मुलं स्टंप उपटून आणतात आणि गाळेवाले खालचा माल फळीवर ठेवतात.

किल्ल्या दोन करा. एक मावशींकडे, दुसरी अशा घरात, जिथे रात्री कोणीतरी जागं असतं. आमच्याकडे ती दूधवाल्याकडे आहे.